पिवळ्या घासण्या

मालसुकने लोकरीची पिवळी घासणी उचलली, भांडी घासताना पिळतात तशी दोन्ही हातांनी ताणली, आणि दोऱ्याचं टोक शेवटच्या फाशातून निसटलं. कड सरसर उसवत गेली.

“अगंबाई!” ती म्हणाली. मालसुक गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. शनिवारच्या जत्रेत ठेवायला चाळीस घासण्या न्यायला आली होती.

“सुनेची असणार ती,” जवाचा चहा फुंकत ओक्बुन म्हातारी म्हणाली. “व्हिएतनामचा हात! नऊ वर्षं घसा फोडतेय. टोक एकदा इकडून ओव, एकदा तिकडून, परत एकदा इकडून. मग बैलाने ओढलं तरी सुटत नाही. पण ऐकेल तर शपथ!”

“अक्का, ही पिवळी आहे. पिवळ्या तुमच्या ना?”

मालसुकने दुसरी ताणली, तिसरी ताणली. दोन्ही उसवल्या. मग सुनेच्या हिरव्या ताणून पाहिल्या. एकही हलली नाही.

“यंदा लोकरच बुळबुळीत आलीय मेली.”

“लोकर तर दोघींची एकाच दुकानातली, अक्का.”

सून, लिएन, कोपऱ्यात बसून मुळा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

मालसुकने वीस हिरव्या पिशवीत भरल्या. “पिवळ्या द्या सवडीने,” म्हणाली आणि चपला पायात सरकवून निघाली. जेवणवेळेपर्यंत गावभर होणार होतं, दुसरं काय!

ओक्बुनच्या बोटांना टाका दिसायचा; सुईचं नेढं मात्र दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. टोक नुसतं फाशातून काढून ती घासणी टोपलीत टाकायची. मंडळाची बाई यायच्या आदल्या दिवशी टोपलीतल्या सगळ्या पिवळ्या पक्क्या झालेल्या असायच्या. कशा, ते तिने कधी विचारलं नाही.

आज विचारलं. “काल का नाही ओवलीस?”

“काल मी माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला व्हिएतनामला जाऊ का विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मेलेल्या माणसाला काय कळतंय.”

“मग? खोटं बोलले?”

“गेल्या महिन्यात मामंजींच्या श्राद्धाला तीन तऱ्हेचे मासे तळले मी. त्यांना कळले वाटतं?”

लिएनचा पासपोर्ट सासूच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. तिच्या आईचं श्राद्ध येत्या गुरुवारी होतं.

“जीभ फार सुटलीय तुझी,” ओक्बुन म्हणाली. विणायचा आकडा घेऊन तिने उसवलेली कड चाचपत परत विणली. काय हात होता म्हातारीचा! दोरा कापला, फाशातून काढला. “दे एवढी सुई ओवून. पुढचं माझं मी करते. मेले नाही अजून.”

लिएनने सुळकन ओवून दिली. टोक बोटभरच होतं. दोरा वाचवायची खोड म्हातारीला जन्माची. पहिल्याच टाक्याला ते नेढ्यातून निसटलं. लिएनने पाहिलं. सांगण्याऐवजी परत मुळा चिरायला घेतला.

ओक्बुनने रिकामी सुई इकडून घातली. तिकडून घातली. परत इकडून घातली. मग घासणी सुनेपुढे टाकली.

“बघ! तुझ्यावाचून काही अडत नाही माझं.”

पिवळं टोक बाहेर लोंबत होतं.

“नाही अडत, आई,” लिएन म्हणाली आणि हात पुढे केला. “किल्ली द्या.”