गोदामाचा फाटा

घोट्यापर्यंत काळ्या पाण्यात उतरल्यावर विशाखाच्या बुटाला रूळ लागला.

स्टेशनच्या मालधक्क्यापासून कापसाच्या जुन्या गोदामाकडे जाणारा रेल्वेचा हा फाटा कित्येक वर्षांपूर्वी बंद पडला होता आणि आता त्यावर झोपड्यांची वस्ती उभी होती. त्याच्या खुणा शोधून नकाशा करायचं काम तिच्या कंपनीला मिळालं होतं. जुन्या रेल्वेवर पुस्तक निघणार आहे, असं तिच्या साहेबांनी, विश्वजितसरांनी सांगितलं होतं. मुकुंदवाडीतल्या घरून निघताना ती खुशीत होती. सकाळपासून मात्र ती नुसती घाण तुडवत होती. फुटक्या पाइपातून वाहणारा मैला, फुगलेलं मेलेलं डुक्कर, त्यावर माशा. माणसं इथं राहतात तरी कशी, असं तिच्या मनात आलं आणि तिथंच तिला ओकारी आली.

मागून कुणीतरी तिचं कपाळ धरलं. त्या पारूबाई. त्यांचा नवरा याच फाट्यावर रूळ सांभाळणारा गँगमन होता. काम बंद झालं, पण माणसं इथंच राहिली. पारूबाईंनी तिला चूळ भरायला पाणी दिलं, ओट्यावर बसवलं. मग त्याच पुढं होऊन दाखवत गेल्या. कुणाच्या भिंतीखाली रुळाखालचा लाकडी स्लीपर, कुणाच्या चुलीमागं रूळ. बायका भांडी बाजूला सारून तिला वाट देत होत्या. विशाखा लाल रंगानं खुणा करत गेली.

दुपारी तिनं सरांना फोन केला. घरांतल्या रुळांचे फोटो पुस्तकात घेऊ या का, असं विचारलं.

सर हसले. "कसलं पुस्तक? हद्द ठरली की जागा मोकळी करायची आहे. रुळाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा फूट धर. घाण जाईल एकदाची."

सकाळी तीही मनात असंच काहीसं म्हणाली होती. तिला स्वतःची शिसारी आली. हाताला लागलेला लाल रंग ती ओढणीला पुसत राहिली. तो निघेना.

निघून जाता आलं असतं. नाक्यावर रिक्षा उभी होती. ती परत फिरली.

"मावशी, मी केलेल्या खुणा तुमची घरं पाडायला आहेत," ती म्हणाली. "कोर्टात दाखवायला एखादा कागद आहे का?"

पारूबाई आत गेल्या आणि सगळ्या घरांच्या कागदांचं गाठोडं घेऊन आल्या.

"म्हाईत हाय, पोरी. तुज्याआधी दोघं मापून गेले. खरं काय ते तोंडानं कुनी सांगतंय का, तेवढंच मी बघत व्हते."