लाडक्या बँडचा शेवटचा अल्बम

चष्मेवाल्याच्या लाडक्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडनं शेवटच्या अल्बमात कात टाकली होती. गाणी एकदम जड, संथ, गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यानंतर बँडच फुटला. "हे दुःख पचवायला काळीज लागतं," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. तोच अल्बम मेहुण्याकडेही होता. मेहुणा म्हणाला, "दुःख कसलं, भाऊजी? ही तर नाचायची गाणी." शब्दानं शब्द वाढला आणि दोघांनी अकरा वर्षं अबोला धरला.

एका रविवारी बायको त्या रेकॉर्डवरची धूळ पुसता पुसता थांबली.

"अहो, मधल्या कागदावर बारीक अक्षरात वेग मिनिटाला पंचेचाळीस फेरे लिहिलाय. तुम्ही तर कायम तेहतीसवर लावता."

उभा जन्म गिऱ्हाइकांकडून बारीक अक्षरं वाचून घेण्यात घालवलेल्या चष्मेवाल्यानं निमूटपणे रेकॉर्डप्लेअरचा खटका पंचेचाळीसवर सरकवला. सुई टेकली आणि गाणं उधळलंच. बायकोच्या हातातलं फडकं ताल धरू लागलं. त्याचा पाय त्याला न विचारताच हलायला लागला. दुसऱ्या गाण्याला दोघं सोफ्याभोवती गरगरत होती, आणि तिसरं संपताच त्यानं धापा टाकत मेहुण्याला फोन लावला.

"तुझंच खरं होतं रे."

पलीकडून मेहुण्याचा आवाज आला, "बरं. मग आता?"

"आता असशील तसा निघ. दुसरी बाजू अजून लावलेली नाही. आपल्या बँडचा नवा अल्बम आलाय."