यंत्राला लागलेली थंडी

जानेवारी अर्धा सरला तरी रात्री पंखा लागत होता. थंडीच नाही, म्हणून माझ्या हापूसच्या कलमांना मोहोराऐवजी नुसती लाल पालवी फुटली. पाहणीला आलेले कृषी अधिकारी घाम पुसत म्हणाले, "परुळेकरबाई, आमचं हवामान यंत्र सांगतंय, गावात कडाक्याची थंडी आहे. मोहोर यायलाच हवा."

मी त्यांना तडक बंदरावर नेलं. यंत्र मासळीच्या बर्फ कारखान्याच्या भिंतीला ठोकलेलं होतं.

"इथे विजेची सोय होती," ते म्हणाले.

"मग आता हलवा की!"

"शासकीय यंत्र असं हलवता येत नाही, बाई. वरून मंजुरी लागते."

तिथेच त्या गार भिंतीला टेकून त्यांनी अहवाल लिहिला: "थंडी पुरेशी आहे. झाडे सहकार्य करीत नाहीत."