दुसऱ्या भागातले ठोसे

“‘नायक थकलाय,’” बाईंनी मोबाइलवरून वाचलं. “‘लाथ शनिवारी निघते, सोमवारी पोचते.’”

ठोसेवाले खळखळून हसले. “पुढे?”

“‘पहिल्या भागात गुरू होते. दुसऱ्यात नुसता उपदेश उरलाय.’”

“खरंय. पुढे?”

“‘पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तरी तोच माणूस त्याच जिन्यावरून गडगडत होता.’”

ते पुन्हा हसले. त्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू होता. डॉक्टरांनी तो रोज शंभर वेळा दाबायला सांगितला होता. चेंडू काही दबत नव्हता, नुसता तळहातावर बसून होता.

कुंग-फूच्या सिनेमाचा दुसरा भाग लागून तीन दिवस झाले होते आणि लोक त्याला सोलून काढत होते. गोष्ट पडेल, खलनायक बिचारा, शेवट आधीच कळणारा. नवराबायकोला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गोष्ट त्यांची नव्हती, आवाज त्यांचे होते. शूटिंगमध्ये कोणी कोणाला खरं मारत नाही. ठोशाचा आवाज नंतर स्टुडिओत करावा लागतो. चामड्याच्या जाकिटात ओली वर्तमानपत्रं कोंबून त्यावर ते मारायचे. हाड मोडायचं असलं की कोबीचा गड्डा फोडायचे. पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची करकर बाईंकडे. स्टुडिओत त्यांची नावं कोणाला आठवत नसत. ठोसेवाले आणि पावलंवाल्या बाई, बस्स.

पहिल्या भागाच्या वेळी घरात महिनाभर कोबी शिजला होता, कारण बाईंना अन्न टाकवत नसे. शेवटी ठोसेवाल्यांनी ताट सरकवून सांगितलं होतं, “यापुढे या घरात एक तर कोबी राहील, नाही तर मी.”

आणि त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं. लोकांनी नायकाला नावं ठेवावीत, गोष्टीला ठेवावीत. ठोशांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही की समजायचं, जमलं. म्हणून आज ते हसत होते खरे, पण प्रत्येक मत संपेपर्यंत श्वास धरून बसत होते. हे बाईंना दिसत होतं.

दोन भागांच्या मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, जीभ सावरली, हात मागे राहिला. तरी दुसऱ्या भागाचे ठोसे मीच मारणार म्हणून हटून बसले. बाईंनी नेलं. त्यांनी मारलं. तान्ह्या बाळाला थोपटावं तसा आवाज आला. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं बाईंकडे पाहिलं. मग माइकवरून म्हणाला, “मस्त, काका. पुढचा घेऊ.”

तसे बावीस दिवस. रोज दुपारी बाई त्यांना घरी आणायच्या, जेवू घालायच्या, पांघरूण घालायच्या. “ताईकडे जाऊन येते, तिचे गुडघे धरलेत,” असं सांगून परत स्टुडिओत जायच्या आणि सकाळचा प्रत्येक ठोसा पुन्हा मारायच्या. सुरुवातीला नुसतीच धपधप झाली. मग त्यांना ते ‘मस्त, काका’ आठवलं, ते ऐकून नवऱ्याचं खुललेलं तोंड आठवलं, आणि ठोसा असा बसला की रेकॉर्डिस्टनं कानावरचा हेडफोन काढून ठेवला. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन बाई घरी यायच्या. ताईच्या गुडघ्यांची खबरबात सांगत स्वयंपाक उरकायच्या. खोटं बोलायची सवय नव्हती, पण गुडघे रोज थोडे थोडे दुखवता येतात.

परवा दोघांनी थेटरात जाऊन सिनेमा पाहिला. ठोसेवाल्यांनी तो नेहमीसारखा डोळे मिटून पाहिला. येताना रिक्षात म्हणाले, “खुर्च्या फार कडक आहेत.” एवढंच.

“थांबलीस का गं?”

“संपलं,” बाई म्हणाल्या.

“डोळे अजून ओळींवर फिरतायत तुझे. मनात वाचलंस ते मोठ्यानं वाच.”

बाईंनी चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

“‘सिनेमा साफ फसलाय. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पहिल्या भागात ठोसा बसला की मजा यायची. या वेळी प्रत्येक ठोशाला वाटत होतं, मारणाऱ्यालाच लागतंय.’”

ठोसेवाले हसले नाहीत. त्यांच्या हातातला चेंडू घसरला, दोनदा उडाला आणि टेबलाखाली गेला. बाई तो घ्यायला वाकल्या. चेंडू लगेच सापडला, पण त्यांना वर यावंसं वाटेना.

“कोणाला तरी ऐकू आलं म्हणायचं,” वरून आवाज आला.

“लोकांना काय, काहीही वाटतं,” बाई टेबलाखालूनच म्हणाल्या. “तुम्ही मनावर घेऊ नका. ठोसे चांगलेच झालेत तुमचे.”

“चौथ्या मारामारीत,” ठोसेवाले सावकाश म्हणाले, “मारायच्या आधी श्वास ओढतेस तू. बारीक आहे, पण येतो. तिसऱ्या भागाला तेवढा आवर.”

बाई चेंडू छातीशी धरून फरशीवर तशाच बसून राहिल्या.

“आणि तो फुटका कोबी आता तिकडेच कोणाला तरी देऊन येत जा. बावीस दिवस खाल्ला मी, गपगुमान.”