धोंडुमावशीची गाणी

"ईनबाई मोठ्या मानाच्या, नाकात नथ उसनी,
लाडवाचं ताट येता, कुठं गेली रुसनी?"

लग्नाच्या पंगतीत विहिणीला चिडवणारा तो आवाज पृथ्वीराजच्या कानात अजून तसाच होता. आवाज धोंडुमावशीचा. कागलजवळच्या त्यांच्या गावात तिच्याशिवाय पंगत उठत नसे. वरमाय रागानं लाल व्हायची, आणि मग हसू दाबायला तिलाच तोंडाला पदर लावावा लागायचा.

त्या आवाजावरच पृथ्वीराज मोठा झाला. टीव्हीवरच्या त्याच्या विनोदी मालिकेतली तोंडाळ विहीण म्हणजे धोंडुमावशीच होती. गाणी तिची, टोमणे तिचे. लेखक म्हणून नाव मात्र त्याचं, आणि पुढं निर्माता म्हणूनही. एका मुलाखतीत कुणी विचारलं, हे सगळं सुचतं कसं? तो म्हणाला, "बसलो की सुचतं." त्या दिवसापासून आरशासमोर त्याची मान आपोआप खाली जायची.

आता कोल्हापुरात त्याचा सत्कार ठरला होता. मावशीला मंचावर न्यायचं, सगळ्यांसमोर तिचं नाव घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. पण आधी तिची माफी हवी. ती नाही म्हणाली तर सत्कार घ्यायचाच नाही.

राजारामपुरीतल्या फ्लॅटवरून आईला गाडीत बसवून तो गावाकडं निघाला. आई चिमणाबाई पहिल्यापासून अबोल. वडील बाळासो कडक माणूस. चांगल्या घरची बाई मांडवात गात नाही, असं ते म्हणत. त्यांच्या घरात भांडंसुद्धा जपून वाजायचं. गेल्या वर्षी ते गेले, पण आईचा अबोला काही सुटला नाही. मालिका लागली की ती टीव्हीसमोर बसे. हसत नसे, नुसते ओठ हलत. म्हातारीचं नामस्मरण चाललंय, असं पृथ्वीराज लोकांना कौतुकानं सांगायचा.

मालिकेत त्यानं एक मुकी जाऊही घातली होती, हातात कायम उलथनं घेतलेली. ती पडद्यावर आली की लोक हसत. ती कुणावरून घेतली, हे त्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं.

वाटेत त्यानं मावशीच्या आठवणी काढल्या. कुणाचं लग्न निघालं की आदल्या दिवशी ती विरजण मागायला यायची आणि आईपाशी चुलीजवळ बसून राहायची. वडील घरी यायच्या आत उठायची. एवढ्याशा विरजणाला केवढा वेळ लावायची, असं म्हणून तो हसला. आई खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिली.

ते पोचले तेव्हा मावशी घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती. "या पावणं," ती म्हणाली. "टीव्हीतनं उतरलायसा व्हय? आमाला वाटलं, आता काच फोडल्याबिगर भेट न्हाय."

तिची सून अनुजा चहा टाकायला आत गेली. मावशीनं चिमणाबाईचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं आणि तो हात काही सोडला नाही.

पृथ्वीराज पाठ करून आणलेलं सगळं विसरला. त्यानं मावशीच्या पायाला हात लावला आणि सांगून टाकलं. तिची गाणी न विचारता उचलली, स्वतःची म्हणून विकली, तिच्या जिभेवर आपलं घर उभं केलं. सांगताना त्याला वर बघवेना. मंचावर चल, एवढं शेवटी कसंबसं म्हणाला.

मावशीनं मान हलवली.

"माज्याकडनं न्हाय मिळायची माफी तुला."

"एवढा राग हाय, मावशी?"

"राग कशाचा, लेकरा? ती माज्या हातातच न्हाय, म्हणून म्हणतो मी."

त्याला कळेना. तो तसाच तिच्या पायाशी बसून राहिला. मावशी आता त्याच्याकडं बघतच नव्हती.

"आता तरी बोल की गं चिमणे," ती म्हणाली. "ज्याला भ्यायचीस, तो गेला की."

चिमणाबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"गळा हिचा हुता, बाळा. गाणी माझी हुती."