अहो

गुवाहाटीला फौजेतल्या लेकाला भेटून परतताना विमान धावपट्टीवरच धुरानं भरलं आणि सगळ्यांना घसरगुंडीवरून खाली उतरवलं. शेळगावचे कुंडलिकराव पहिल्या दहांतच उतरले. त्यांची बायको रंगूबाई आली सगळ्यांत शेवटी, पाय मोडून घेऊन.

महिन्याभरानं निकिता नावाची मुलगी प्रवाशांचे अनुभव लिहून घ्यायला पुण्याहून घरी आली. पडवीत शेजारीपाजारीही जमले.

"काका, काकूंनी तुम्हाला हाक नाही मारली?"

"मारली की! पर आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय. 'अहो, अहो' वरडत हुती. आता दीडशे माणसांत कुणाच्या 'अहो'नं मागं वळायचं, सांगा!"

"मग उखाणा घ्यायचा की, वैनी!" शेजारचे दत्तोबा म्हणाले.

पडवी खदखदून हसली. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बसलेली रंगूबाईही हसली. हा किस्सा कुंडलिकरावांनी गावभर सांगून आता घोटून घोटून गुळगुळीत केला होता.

निकितानं हसत हसत लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "विमानात मराठी माणसं बरीच होती का?"

कुंडलिकरावांनी बायकोकडं पाहिलं.

"लई हुती, बाई," रंगूबाईच घाईघाईनं म्हणाली. "निम्मं इमान आपल्याकडचंच. लिव्ह तू."

निकितानं लिहिलं. कुंडलिकराव खाली वाकून बायकोच्या पायाखालची उशी उगाचच नीट करत राहिले.

त्या विमानात मराठीत हाक मारणारी बाई एकच होती.