मेसचे चमचे

उद्या कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं आणि आज गिरीशचा गोरा इंग्रज बॉस आखातातल्या त्यांच्या अल मन्सूरा भागातल्या फ्लॅटवर जेवायला! नीताने काय करावं? गोऱ्याला विलायती वस्तू आवडेल म्हणून ठेवणीतले चांदीचे चमचेच मांडले. गिरीशच्या खापरपणजोबांचं देवळाली कॅम्पात दुकान होतं ना, इंग्रजांच्या मेसला सामान पोचवायचे आणि येताना रिकाम्या पोत्यात चमचे टाकून आणायचे!

बॉसने चमचा उलटा करून मोठ्यांदा वाचलं, "ऑफिसर्स मेस, देवळाली, १८८९." गिरीशला दरदरून घाम फुटला. पण बॉस नुसता हसला, वाटीभर श्रीखंड चाटूनपुसून खाल्लं आणि निघताना म्हणाला, "तुझं कॉन्ट्रॅक्ट पक्कं!"

तो गेल्यावर नीताने चमचे धुवायला घेतले, तर सहाचे पाच!

"खलास, गिरीश," ती म्हणाली, "फिट्टंफाट!"